जॅकच्या पोटातला तांदूळ

मोटारीखाली शिरणाऱ्या माणसाने आधी एक प्रश्न विचारायचा असतो: ही उभी कशाच्या जिवावर आहे? उत्तर पटले नाही तर शिरायचे नाही, मग मालक वरून कितीही ओरडो. हा प्रश्न मला धंद्याने शिकवला असे लोकांना वाटते. खरे तर तो मी घरून घेऊन आलो होतो. माझे वडील बाजाराच्या दिवशी जातिभेदाविरुद्धची पत्रके वाटत आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना मोठ्याने वाचून दाखवत. उरलेल्या पत्रकांवर मी बाराखडी गिरवली. इतर पोरे 'गवत' आणि 'कमळ' वाचत होती तेव्हा मी 'अन्याय' हा शब्द न अडखळता वाचत होतो. तेव्हापासून जे जे वर उभे दिसते त्याच्या खाली वाकून बघायची खोड लागली. ती अजून गेलेली नाही.

दिवाळीच्या अंकासाठी मोटारीच्या चार गमती लिहून द्या, असा निरोप आला. मोटारीत बसणाऱ्याला गमती दिसत असतील. मी बसणारा नव्हे. माझी ओळख मोटारीच्या पोटाशी, आणि तिथून दिसतात ते रस्त्याचे दगड आणि लोकांची पायताणे. म्हणून मी एका जॅकची हकिकत सांगतो. जॅक म्हणजे मोटार उचलायचे यंत्र.

गुळाच्या पेठेत एका बड्या अडत व्यापाऱ्याचा बंगला आहे. तिथल्या मोटारखान्यात मी फिटर होतो. मोटारखाना म्हणजे कालपरवापर्यंतची पागा. भिंतीत घोडे बांधायच्या कड्या तशाच होत्या. एका कोपऱ्यात एक म्हातारा घोडा आणि त्याची चाकरी करणारा, त्याहून म्हातारा मोतद्दार अजून टिकून होते. मधोमध, जिथे पूर्वी बग्गी उभी असे, तिथे मालकांची मोटार. तिचे सर्वेसर्वा इस्माईल मिस्त्री. चालवायचे तेच, दुरुस्त करायचे तेच, आणि ती रुसली की तिला शिव्या घालायचा अधिकारही त्यांचाच. माझ्या खिशात सदा एखादे पत्रक असे म्हणून मला ते छापखाना म्हणत.

"ए छापखाना, वाचून झालं असंल तर पाना दे."

जॅक पाहिजे हे मिस्त्रींच्या पायाने ठरवले. हातकणंगल्याच्या वाटेवर चाक फुटले. आमच्याकडे तोवर मोटार उचलायची रीत म्हणजे जवळच्या वस्तीवरून एखादा वासा मागून आणायचा, खाली दगड ठेवायचा आणि चार जणांनी वाशाच्या टोकाला लटकायचे. शेतातली माणसे जमली. त्यांतला एक मालकांना म्हणाला, "पावणं, ह्येला वैरण काय घालता?" मालक हसले नाहीत. दुसरा म्हणाला, "बैल जोडू का? सपाट वाट हाय, वढत्यात की." सगळे हसले, वाशावरचा एक जणही हसला, आणि वासा घसरला. मिस्त्रींच्या उजव्या पायाची बोटे आसाखाली सापडली. ते ओरडले नाहीत. "आदी मला काडा," म्हणाले, "मग हसा."

तेव्हापासून ते उजवा पाय ओढत चालतात. आणि तेव्हापासून मोटारखान्यात दोन कायदे झाले. पहिला, उचललेल्या मोटारीखाली लाकडी ठोकळा सरकवल्याशिवाय कोणी आत हात घालायचा नाही. दुसरा, ज्याने वजन चढवले त्यानेच ते उतरवायचे. मधे दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तो मालक का असेना. किती चढले, कुठे टेकले, कुठे करकरले, हे चढवणाऱ्याच्या हाताला कळलेले असते. हा दुसरा कायदा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो कामाला येणार आहे.

राधानगरीच्या धरणाच्या कामावरचे जुने सामान भंगारात विकायला आले होते. त्यात मिस्त्रींना दगड उचलायचा एक जॅक सापडला. तिकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची दशा सांगायला नको. बाहेरून तांबडा, आतून गच्च. मिस्त्री त्याच्याकडे असे बघत होते की जणू बाजारातून खिल्लारी खोंड आणलाय.

तो चालतो कसा, हे बाहेरच्या माणसासाठी सांगतो. एका बाजूला बारीक नळी, तिच्यात बारीक दट्ट्या. मधे जाड नळा, त्यात जाड दट्ट्या. दोन्हींत तेल. दांडा खालीवर केला की बारीक दट्ट्या थोडे थोडे तेल जाड दट्ट्याखाली ढकलतो, आणि वाटेतली झडप ते परत येऊ देत नाही. तेल दाबून लहान होत नाही. त्याला जागा लागते, म्हणून ते जाड दट्ट्याला, आणि त्याच्यावर टेकलेल्या मोटारीला, वर सारते. चार माणसे वाशाला लटकत होती ते काम एकटा माणूस बसल्या जागी करतो. उतरवायचे तर बाजूचा स्क्रू किंचित सैल करायचा. तेल परत जाते, मोटार खाली येते.

हे सगळे एका वाटीवर अवलंबून असते. जाड दट्ट्याच्या बुडाला कातड्याची एक वाटी बसवलेली असते, तोंड तेलाकडे. तेल दाबले की वाटीचे ओठ फाकतात आणि नळ्याला चिकटतात. ओझे जितके जास्त तितकी पकड घट्ट. वाटी फाटली, सुकली किंवा उलटी बसली की तेल बगल देऊन निघून जाते. जॅककडे बघणाऱ्याला लोखंड दिसते. ओझे पेलते ते आतले कातडे.

लोखंडाचे काम आम्ही दोघांनी केले. घासलेटात भिजवला, लाकडी हातोड्याने ठोकून दट्ट्या सुटा केला, विटेची वस्त्रगाळ पूड आणि तेल लावून हात भरून येईतो घासला. मालकांच्या जुन्या तिजोरीची चार लोखंडी चाके सागवानी फळीला मारली आणि जॅक त्या फळीवर बसवला, म्हणजे फरशीवरून ढकलत कुठल्याही चाकाशी नेता यावा. राहिली वाटी. जुनी हातात घेतली तर पापडासारखी मोडली.

"शिदबाला बोलवा," मिस्त्री म्हणाले.

शिदूतात्या बंगल्याच्या मागच्या वाटेवर बसून पायताणे करीत. जातीने चांभार, तोंडाने फटकळ. पाऊस लागला की त्यांचे काम बंद पडे, कारण कामाची जागा म्हणजे उघडी वाट. विहिरीचे पाणी ओढायच्या कातडी मोटा शिवण्यात त्यांचा हात बसलेला होता. मोटेचे कातडे पाण्याने कुजू नये म्हणून त्याला करडईचे तेल कढवून चोपडतात. तात्यांनी पहिल्या वाटीला तेच चोपडले. वाटी दिसायला राजबिंडी झाली. पण थोड्याच दिवसांत ते तेल आटून घट्ट झाले, वाटी फळीसारखी कडक झाली, झडपेत चिकटा साचला आणि दांडा हलेना.

"ही काय मोट हाय व्हय, शिदबा?"

"दाब सोसणारं कातडं पायजे म्हणलासा. मोटंएवढा दाब कोण सोसतंय?"

"मोटंचं तोंड मोकळं असतंय. ह्येचं ओठ हलाया पायजेत."

"तुमच्या ज्याकाला ओठ हैत, लाड हैत. माझ्या पायताणानं कदी तक्रार केली न्हाय."

"पायताण कुणाच्या डोस्क्यावर मोटार धरत न्हाय, बाबा."

दुसऱ्या वाटीच्या वेळी दोघे भांडत भांडतच बसले. मिस्त्रींनी सुताराकडून लाकडी साचा करून आणला. तात्यांनी पातळ कातडे कोमट पाण्यात मऊ करून साच्यात दाबले, सावलीत सुकवले, कातडे कापायच्या रापीने काठ तासले आणि यंत्राच्या पातळ तेलात मुरवले. सकाळी जॅकवर मोटार चढवून दट्ट्यावर खडूची खूण केली. संध्याकाळी खूण होती तिथेच होती. तात्यांनी फरशीवर बसूनच बिडी पेटवली आणि वर छपराकडे बघितले. "हितं बसून काम करायला बरं हाय," म्हणाले. "रस्त्यावर बसून जनम गेला. एकदा छपराखाली बसून पोट भरायचं हाय."

मी लगेच मालकांकडे गेलो. संस्थानच्या दरबारी चाकरीत महाराजांनी खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींना जागा दिल्या होत्या. आमच्या पत्रकांनी ते गावोगाव सांगितले होते. पण व्यापाऱ्याच्या बंगल्यात हुकूम व्यापाऱ्याचा. मोटारीच्या पट्ट्यांना, गाद्यांना, भात्यांना कातड्याचे काम रोज लागते, तेव्हा शिदूतात्यांना कायमचे ठेवा, असे मी म्हणालो. मालक म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघू. त्याचं काम टिकलं तर ठेवू."

पावसाळाभर तात्या छपराखाली बसले. मला वाटले, झाले. मला नेहमी लवकर वाटते.

त्या घरात खंडेनवमीची एक जुनी रीत होती. हत्यारे पुजायची, पण कातडे देवापुढे मांडायचे नाही. घोड्यांच्या काळात लगामाचे लोखंड आत येई आणि खोगीर, चाबूक उंबऱ्याबाहेर ठेवत. हे सगळे सांभाळायचे काम बंगल्याचा कारभार बघणाऱ्या दिवाणजींचे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते आले आणि जॅकभोवती एक फेरी मारली.

"हा पूजेला मांडायचा तर त्यातलं कातडं काढून घ्या."

"कातडं काढलं तर तो जॅक राहत नाही," मी म्हणालो. "नुसता नळा राहतो."

"मग नळ्याची पूजा करू."

"देवीपुढं ढोल वाजतो तो कशाचा असतो?"

"ढोल देवळात वाजतो. हा बंगला आहे."

अशा उत्तराला पत्रकात उत्तर नसते. मी तरी बोलत राहिलो. आवाज चढला. शेवटी मिस्त्री मधे पडले. "दिवाणजी, जमून आलेलं यंत्र पूजेसाठी उगडायचं न्हाय. मी न्हाय उगडणार." दिवाणजी 'बरं' म्हणून निघून गेले. मला ते 'बरं' आवडले नाही, पण त्याचा अर्थ लागला नाही.

पूजेच्या वेळी तात्यांना उंबऱ्याबाहेर उभे राहायला सांगितले. कामाच्या दिवशी आत चालणारा माणूस पूजेच्या दिवशी आत चालत नव्हता. मी त्यांच्या शेजारी बाहेर जाऊन उभा राहिलो. मिस्त्री मोटारीला हार बांधण्यात गुंतले होते. हत्यारांची मांडणी दिवाणजींनी स्वतःच्या हाताने केली होती. जॅकवर झेंडू इतका रचला होता की आम्हाला बाहेरून फुलांचा ढीग तेवढा दिसला. भटजींनी मंत्र म्हटले, घरातल्या सगळ्यांनी अक्षता टाकल्या.

"माझं कातडं आत देवापाशी हाय आन् मी भाईर," तात्या हसून म्हणाले. "निम्मा तरी आत गेलो की."

ते हसले. मला हसता आले नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी मालकांना सोने लुटायला जायचे होते, म्हणून सकाळी पुढचे चाक बघायला घेतले. दांडा तात्यांच्या हातात होता. मोटार चढत होती, पण रोजच्यासारखी नाही.

"दांडा आज मऊ लागतोय," तात्या म्हणाले. "ठोकळा घाल बिगीनं."

मी ठोकळा सरकवला, निम्मा आत गेला असेल, तेवढ्यात तात्या ओरडले, "हात काड." मी हात ओढला आणि आस खाली बसला. ठोकळ्याच्या काठाने मोटार कशीबशी धरली. माझा हात जिथे होता तिथे तेलाचा ओघळ वाहत होता.

आवाज ऐकून मालक आले, दिवाणजी आले. दिवाणजींनी वेळ घालवला नाही. "मी आधीच म्हणत होतो. रस्त्यावरचं काम रस्त्यावरच बरं."

मालकांनी माझ्या हाताकडे बघितले, मोटारीकडे बघितले. "द्या त्याला सोडून," म्हणाले.

तात्यांनी रापी पिशवीत टाकली. बोलणारा माणूस बोलेना, तेव्हा मला सर्वांत जास्त राग आला. मी दारात आडवा उभा राहिलो. म्हणालो, जॅक उघडल्याशिवाय इथून कोणी जाणार नाही. मालकांशी असे बोलायचे नसते हे मला ठाऊक होते.

मिस्त्रींनी सगळ्यांसमोर फरशीवर जॅक उघडला. दट्ट्या बाहेर काढला. वाटी उलटी होती, तोंड वर.

"त्यानंच उलटी बसवली असेल," दिवाणजी म्हणाले.

"मग पावसाळाभर मोटार काय वाऱ्यावर उभी होती?" मी म्हणालो.

 मिस्त्रींनी नळ्यातले तेल फडक्यातून गाळून परातीत ओतले. फडक्यावर काहीतरी राहिले. त्यांनी ते बोटाने उचलून तळहातावर घेतले आणि हात दिवाणजींपुढे धरला. हळदीने पिवळा झालेला तांदळाचा दाणा होता.

"दिवाणजी, ह्यो तांदूळ राधानगरीवरनं आलाय म्हणायचं व्हय?"

 पूजेच्या वेळी जॅक उघड्या तोंडाने फुलांखाली बसला होता. देवाच्या नावाने टाकलेल्या अक्षतांनीच ते सांगितले. मग कोपऱ्यातला म्हातारा मोतद्दार पुढे आला. "मला काडाया सांगितलं, मी काडलं. पूजा झाल्यावर घातलं. खोगिराला उलटंसुलटं असतंय त्ये ठावं हाय मला. वाटीला असतंय हे कोण सांगणार?"

त्या म्हाताऱ्याचा मला राग आला नाही. ज्याने सांगितले त्याच्या तोंडून मला एक वाक्य ऐकायचे होते. दिवाणजी जमिनीकडे बघत राहिले. मालकांनी दाण्याकडे बघितले, मग खिशातले घड्याळ काढून बघितले.

"झालं ते झालं. राहू दे त्याला," म्हणाले आणि आत गेले.

तात्यांनी पिशवीतून रापी परत काढली. एवढेच. चुकलो असे कोणी म्हणाले नाही. माझा हात वाचला, तात्यांचे छप्पर राहिले, आणि रीतही जशीच्या तशी राहिली. मी घरी जाऊन पत्रक लिहिले. चांगले झणझणीत झाले होते. छापायला देण्याआधी तात्यांना वाचून दाखवले. त्यांनी पायताणाचा टाका न सोडता ऐकले.

"माझं नाव घातलंयस?"

"घातलंय."

"मग नगं छापूस. तू छापशील, दिवाणजी वाचंल, आन् आखाडात मला छप्पर कोण देणार? तुझं पत्रक डोक्यावर धरू व्हय?"

ते पत्रक अजून माझ्याकडे आहे. वर्षभर मी मिस्त्रींच्या मागे लागलो होतो, की त्या रीतीबद्दल तुम्ही मालकांशी बोला, तुमचे ते ऐकतात. मिस्त्री म्हणत, "बघू की." हे दोन शब्द मला पान्याने हाणावेत असे वाटत. सगळे गाव 'बघू की'वर चालते.

पुढची खंडेनवमी आली. सकाळीच मिस्त्रींनी तात्यांना मोटार चढवायला सांगितली. पुढचे चाक काढले, आसाला वंगण घालायचे म्हणाले. मग मला म्हणाले, "ठोकळं धुऊन उनात वाळत घाल. ती बी हत्यारंच की. त्येंची पूजा नगं व्हय?" मी ठोकळे धुतले. तेव्हाही माझ्या लक्षात आले नाही. भटजी आले, मालक आले, दिवाणजी ताट घेऊन आले आणि थबकले. मोटार वर, चाक बाहेर, खाली जॅक, आणि जॅकशेजारी दांड्यावर हात ठेवून शिदूतात्या.

"हे काय? आज मोटार उचलून ठेवलीय?"

"चाकाचं काम निघालं," मिस्त्री म्हणाले.

"मग उतरवा. जॅक उघडायचाय."

"चाक न्हाय तर उतरवू कशावर?"

"मग ह्याला बाहेर जाऊ दे. मिस्त्री, तू धर दांडा."

"वजन त्यानं चढवलंय. उतरवंल त्योच. मोटारखान्याचा कायदा हाय, मालकांनी मंजूर केल्याला." मिस्त्रींनी आपला उजवा पाय जरा पुढे ओढला. मालकांनी त्या पायाकडे बघितले आणि भटजींना म्हणाले, "मुहूर्त जातोय. करा सुरू."

दिवाणजी ताट घेऊन वाकले. मिस्त्री म्हणाले, "आत हात घालायचा न्हाय हं दिवाणजी. ठोकळा न्हाय खाली." म्हणून त्यांनी हळदकुंकू लांबूनच उडवले. अक्षताही लांबूनच टाकल्या. निम्म्या जॅकवर पडल्या, निम्म्या तात्यांच्या मुंडाशावर आणि दंडावर. तात्यांनी त्या झटकल्या नाहीत.

पूजा झाली तसे ठोकळेही वाळले. मी ते खाली सरकवले आणि चाक बसवले.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. जे मी हक्क म्हणून मागत होतो ते मिस्त्रींनी युक्तीने मिळवले होते. युक्तीने उघडलेले दार दरवर्षी पुन्हा युक्तीने उघडावे लागते. त्यांना तसे म्हणालो तर ते म्हणाले, "व्हय. फुडल्या वर्षी मागलं चाक काडू."

ठोकळे काढून घेतल्यावर तात्यांनी स्क्रू सैल केला, केसभर. मोटार उतरू लागली, पण उतरताना दिसत नव्हती, इतकी हळू. घरातली माणसे कंटाळून निघून गेली. दिवाणजी गेले. मी मोटारीभोवती येरझारा घालत होतो.

"तात्या, जरा भराभर सोडा की."

"घाईनं सोडलं तर खाली माणूस असतंय."

"कोण असतंय खाली?"

"आमीच की," तात्या म्हणाले, आणि स्क्रूवरचा हात तसाच ठेवला.

चाक फरशीला टेकले तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. मला तो आवाज हवा होता.